थेंबमास्तर आणि कथलाचा डाग

गाडी दिसायच्या आधी तिचा वास आला. सूनबाई कणीक मळत होती. तिने आधी शेगडीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मग पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "शेगडी बंद कर गं! पेट्रोल येतंय दारात!"

पुढची खोली म्हणजे थेंबमास्तरांचं दुकान. शटर, एक लाकडी बाक, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पान्हे, आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेले कार्बोरेटरचे सुटे भाग. मास्तरांना खरं नाव होतं, पण ते वीजबिलापुरतं. चाळीस वर्षं त्यांनी कार्बोरेटर सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. ब्रेक घेऊन कुणी आलं तर म्हणायचे, "ते लोहारकाम. पुढे जा." आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच ऐकवायचे, "इंजिन पेट्रोल पीत नाही हो, थेंब थेंब चाटतं. घटाघटा पाजायला गेलात की गुदमरलंच समजा." त्यावरून कुणीतरी नाव पाडलं ते कायमचं चिकटलं.

आता तीन वर्षं शटर अर्ध्यावरच असायचं. मास्तरांचे हात थरथरायला लागले होते, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा काढायचा राहिला होता, आणि छातीत दमा होता. पण रोज सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून ते बाकावर येऊन बसायचे, कुणी बोलावल्यासारखे.

सूनबाई देवभोळी. उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्या ओठांवर देवाचं नाव. सासऱ्यांचं मात्र त्या खात्यात शून्य. ती कधी म्हणायची, "बाबा, दोन मिनिटं हात जोडा ना." ते म्हणायचे, "जोडले असते, पण मग पान्हा कोण धरणार?" पान्हा सुटून तीन वर्षं झाली तरी उत्तर तेच. शेवटी ती त्यांच्या वाटची प्रार्थनाही स्वतःच करून टाकायची. नवरा हसायचा, "बाबांची हजेरी तू लावतेस होय?"

गाडी दारात थांबली, म्हणजे धापा टाकत विझली. पांढरी जुनी व्हॅन, मागच्या दाराला पत्र्याची घसरती फळी लावलेली, चाकाच्या खुर्च्या आत ढकलता याव्यात म्हणून. खाली उतरल्या त्या गाडीवाल्या ताई. पन्नाशीच्या, केसांचा बुचडा, मनगटावर पुरुषी घड्याळ. ज्या सात मुलांना चालता येत नाही त्यांना त्या रोज घरून उचलून शाळेत न्यायच्या आणि परत आणायच्या. ताई गाडी घेऊन येण्याआधी त्यांतली पाच मुलं घरीच बसून होती.

"मास्तर, संपलं माझं," त्या दारातूनच म्हणाल्या. "आज चार वाजता तपासणी आहे. सोमवारी नापास केली. खाली पेट्रोल टपकतंय, मुलं नेता येणार नाहीत म्हणाला साहेब. आज दुसरी खेप, तिसरी नाही म्हणतात. आज टपकली तर मुलांचा परवाना गेला."

"मग दुसरी गाडी?" सूनबाईने विचारलं.

"फळीवाली गाडी आहे कुठे दुसरी? आणि असली तरी माझ्याकडे कशी येईल?" ताईंनी घड्याळ पाहिलं. "अकरा वाजलेत. आज सगळ्यांना सांगून ठेवलंय, शाळा नाही म्हणून. उद्याचं काय सांगू ते कळत नाही."

तेवढ्यात मागून स्कूटर आली आणि तिच्यावरून चेला उतरला. चेला म्हणजे चांगला पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, मोठ्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज असलेला गृहस्थ. पण पंधरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढली होती, त्यामुळे अख्ख्या रस्त्याला तो अजून चेलाच.

"याने केलंय सगळं," ताई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिली होती. चांगली चालत होती हो माझी गाडी! जरा कुरकुरायची, इतकंच. याने आतलं सगळं नवीन घातलं आणि तेव्हापासून गळतीय."

चेला मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, कार्बोरेटर तीनदा खोललाय. आतली सुई नवीन, तिची बैठक नवीन, गॅस्केट नवीन. माप कंपनीच्या कागदात दिलंय तसंच. काय चुकतंय तेच कळेना. माझ्या हातून कधी असं झालं नव्हतं."

"कधी झालं नव्हतं म्हणे," ताई फणकारल्या. "माझ्याच नशिबी मेला मुहूर्त!"

 मास्तरांनी फक्त हात वर केला, आणि सगळे गप्प झाले. सूनबाईला ते पाहून नवल वाटलं. घरात या माणसाचं कुणी ऐकत नसे. जेवायला या म्हणून तीनदा हाक मारावी लागे. इथे एक हात वर झाला आणि रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा ओरडायचा थांबला.

"चालू करा."

ताईंनी चावी फिरवली. इंजिन बऱ्याच वेळाने खोकत खोकत पेटलं. मागून काळा धूर आला. मास्तर मागे जाऊन उभे राहिले, धुरात हात धरला, बोटं चोळली, नाकाशी नेली. मग पुढे आले. या गाडीचं इंजिन चालकाच्या सीटखाली असतं. त्यांनी सीट उचलायला लावली, डोळे मिटले आणि कान लावून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद. घशातून वर येतंय. भांडं भरून उतू जातंय, आणि थांब म्हणणारा थांबत नाहीये."

सूनबाई कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. "बाबा, थांब म्हणणारा म्हणजे कोण?"

मास्तरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा प्रश्न चाळीस वर्षांत घरातून प्रथमच आला होता. "आपल्या गच्चीवरच्या टाकीत चेंडू आहे ना? पाणी चढलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो. तसंच हे. कार्बोरेटरात एक वाटीएवढं भांडं. त्यात पेट्रोलवर तरंगतो तो फ्लोट. तो वर आला की एक सुई भोकात बसते आणि पेट्रोल थांबतं. भांडं नेमकं भरायला हवं. थोडं जास्त झालं की ते इंजिनच्या घशात सांडतं. बास, एवढंच आयुष्य आहे त्याचं. थांब म्हणायचं, वेळेवर."

"एवढंच," असं ते म्हणाले खरं, पण ज्या सुरात म्हणाले त्यात सूनबाईला पूजेला बसलेल्या माणसाचा सूर ऐकू आला.

चेल्याने कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून बाकावर आणलं. फ्लोट झाकणालाच लटकलेला होता. पितळेचे दोन लहान डबे, आवळ्याएवढे, मध्ये पातळ पट्टीने जोडलेले. पट्टीच्या मधोमध एक छोटीशी जीभ, तीच सुईला वर ढकलते.

"उलटं धर," मास्तर म्हणाले. चेल्याने झाकण उलटं केलं, तशी फ्लोटच्या वजनाने सुई भोकात बसली. "आता या नळीतून फुंकायचं. हवा गेली तर सुई गळकी, नाही गेली तर सुई निर्दोष." त्यांनी नळी तोंडाशी नेली, छाती भरायचा प्रयत्न केला आणि खोकत बसले.

"द्या इकडे," सूनबाई म्हणाली.

"तू?"

"रोज शेगडी फुंकायची वेळ आली होती माझ्यावर, माहेरी. फुंकर माझी चांगली आहे."

तिने नळी ओठांत धरली आणि गाल फुगवून फुंकलं. जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं, पण हवा तसूभर पुढे जाईना. ओठाला पेट्रोलची चव लागली आणि ती थू थू करत मागे सरली.

ताई एवढ्या काळजीतही हसल्या. "अहो, शेगडीपासून लांब राहा आता. भडकाल."

"सुई निर्दोष," मास्तर म्हणाले. चेल्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "मग फ्लोट फुटलाय का ते बघू. सूनबाई, कढत पाणी. उकळी नको, बोट टेकवलं की मागे घ्यावं लागेल इतपत. आणि पातेलं इथे आण, शेगडी तिथेच राहू दे."

तिने पाणी आणलं. डब्याला बारीक भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होतो आणि बुडतो. गरम पाण्यात बुडवला की आतली वाफ त्याच भोकातून बुडबुड्यांनी बाहेर येते, मग भोक लपत नाही. मास्तरांनी चिमट्यात फ्लोट धरून पाण्याखाली दाबला. हात थरथरत होता म्हणून पाणी हलत होतं. चौघं पातेल्यावर वाकली. एकही बुडबुडा नाही. मास्तरांनी फ्लोट कानाशी नेऊन हलवला. आत काही डचमळलं नाही.

"कोरडा आहे."

मग पंप. चेल्याने नळी बाटलीत सोडून पंपाची धार दाखवली. धार सौम्य, म्हाताऱ्या पंपाची, जशी असावी तशी. मग माप. चेल्याने खिशातून घडी पडलेला कंपनीचा कागद काढला आणि झाकणापासून फ्लोटपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. कागदात जितकं, तितकंच.

साडेबारा झाले.

"म्हणजे सगळं बरोबर आहे," ताई हळूच म्हणाल्या, "आणि तरी गळतंय."

चेला म्हणाला, "मास्तर, सोडा. मी ताईंच्या बरोबर जातो साहेबांकडे. माझी चूक म्हणून लिहून देतो. एक महिन्याची मुदत मागतो."

"आणि महिनाभर मुलं?" ताई म्हणाल्या. 

मास्तर बाकावर बसले. फ्लोट त्यांच्या तळहातावर होता. ते त्याच्याकडे बघत नव्हते, बघून त्यांना फारसं दिसतही नव्हतं. अंगठा मात्र फिरत होता. एका डब्यावरून, पट्टीवरून, दुसऱ्या डब्यावरून, पुन्हा पहिल्यावर. सूनबाईने तो अंगठा पाहिला आणि तिच्या ओठांवरचं नाव थांबलं. जपमाळेवर फिरताना तिने कितीतरी लोकांची बोटं पाहिली होती. पण इतकी सावकाश, इतकी सगळं सोडून फिरणारी बोटं तिने पाहिली नव्हती. वाटलं, आता या खोलीत आपणही नाही, ताईही नाहीत, मास्तरही नाहीत. तो अंगठा आणि ते पितळ, दोघंच आहेत.

अंगठा एका जागी थांबला. दुसऱ्या डब्याच्या बुडाशी एक उंचवटा होता, मसुराएवढा. कथलाचा डाग, कधीकाळी भोक बुजवायला दिलेला. मास्तरांनी तो नखाने खरवडला. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा रस्त्यात अचानक जुना ओळखीचा माणूस समोर आल्यावर होतो, आणि तो माणूस भेटावा असं वाटत नसतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "शिवणाचा दोरा आण. एकेरी."

तिने रीळ आणून दिलं. मास्तरांनी दोरा पट्टीच्या बरोबर मधून, जिभेच्या खाचेतून ओवायला सांगितला. त्यांच्या हाताला ते जमलं नसतं, तिने ओवला. "आता उचल. हात स्थिर."

तिने दोरा उचलला. पितळेचे ते जुळे डबे हवेत लटकले, एकदा गोल फिरले, थबकले, आणि मग डाग असलेला डबा सावकाश, अगदी सावकाश खाली गेला. दुसरा वर. सोन्याच्या दुकानातल्या तराजूसारखं.  एवढ्याशा दोऱ्यावर, एवढ्याशा पितळेने, सगळ्यांच्या देखत खरं काय ते सांगून टाकलं होतं.  न्याय म्हणतात तो असा दिसत असेल, असं सूनबाईला वाटलं.

"कथील जास्त झालंय," चेला पुटपुटला. "एक डबा जड. म्हणजे अख्खा फ्लोट खोल बसतोय. पेट्रोल नेमकं भरलं तरी हा वर येत नाही, आणखी भरावं लागतं, तेव्हा कुठे सुई बंद होते. तोवर सांडतंय." त्याने कागद पालथा टाकला. "कागदातलं माप हलक्या फ्लोटचं आहे. जड फ्लोटला ते लागूच नाही! पण मग मी हात लावायच्या आधी ही गळत कशी नव्हती?"

"कारण जीभ वाकवलेली होती," मास्तर म्हणाले. "जड फ्लोटला जमेल अशी. तू कागद बघून ती सरळ केलीस. तू बरोबर केलंस."

"पण कुणी वाकवली? आणि हा डाग कुठल्या अडाण्याने दिलाय? एवढा गोळा! आपल्या इथे असला डाग दिला असता तर तुम्ही बोटं मोडली असती माझी."

ताईसुद्धा म्हणाल्या, "हो ना, कुणाकडे गेली होती ही गाडी? मी तर तुमच्याशिवाय—" आणि मध्येच थांबल्या.

मास्तरांना काहीही सांगता आलं असतं. कुणीतरी मधल्यामध्ये केलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. तिघांपैकी एकालाही संशय आला नसता. सूनबाईला आतून वाटलं, बाबांनी गप्प राहावं. या वयात कशाला.

"मीच," मास्तर म्हणाले. "अकरा वर्षं झाली. भोक पडलं होतं, नवीन फ्लोट मिळत नव्हता. तू आठवडाभर बहिणीच्या लग्नाला गेला होतास. मला तेव्हाच डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. डाग देताना थेंब मोठा पडला. काढायला पाहिजे होता. नाही काढला. जीभ वाकवून माप जुळवलं, गाडी चालली, झाकण लावलं."

"आणि मी आल्यावर?" चेल्याने विचारलं. "मला सांगायचं तरी. पुढे पाच वर्षं मी इथेच होतो."

मास्तरांनी फ्लोट बाकावर ठेवला. "तू मला देव समजायचास. मला ते आवडायचं."

 सूनबाईने रोज कितीतरी वेळा क्षमा मागितली होती. चुकलंमाकलं सांभाळून घे, हे तर तिच्या तोंडी बसलेलं वाक्य. पण आपली नेमकी चूक, तारीखवार, मापासकट, ज्याला ती भोगावी लागली त्याच्या तोंडावर सांगताना तिने कुणाला ऐकलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

चेल्याने नाक पुसलं आणि तो म्हणाला, "बरं. आता काय? जीभ पुन्हा वाकवू? पाच मिनिटांचं काम. चारच्या आत साहेबांकडे."

"हो, तेच करा," ताई घाईने म्हणाल्या.

"नाही," मास्तर म्हणाले. "जीभ वाकवली हे कुणाला दिसत नाही. उद्या तिसरा कुणी कागद बघून सरळ करेल, आणि त्या दिवशी गाडीत मुलं असतील. डाग कमी करायचा. फ्लोट हलका, जीभ कागदाबरहुकूम."

"आणि घासताना भोक उघडं पडलं तर?" चेला म्हणाला. "पत्रा कागदासारखा आहे. मग गाडी आज चालतच नाही, मास्तर."

मास्तर ताईंकडे वळले. "गाडी तुमची. तुम्ही सांगाल ते."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्या फळीकडे पाहिलं, जिच्यावरून रोज सात मुलं आत जायची.  "सातांतली सगळ्यात लहान पोरगी पुढच्या सीटमागेच बसते," त्या शेवटी म्हणाल्या. "इंजिनच्या अगदी जवळ. तिला स्वतःहून उतरता येत नाही. घासा."

आता प्रश्न धरायचा. लोखंडी शिकंज्यात धरला तर डबा चेपणार, हातात धरला तर मास्तरांचा थरथरणार आणि चेल्याचा घामाने निसटणार. सूनबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांवर अजून कणीक होती. ती आत गेली आणि मळलेला अख्खा गोळा परातीसकट घेऊन आली. "यात बसवा. घट्ट बसेल आणि चेपणारही नाही."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मी चिंध्यांत धरत आलो."

फ्लोट कणकेत असा बसला जसा मूल पाळण्यात. चेल्याने सगळ्यात बारीक कानस घेतली. मास्तरांनी दोन बोटं डब्याच्या बाजूला टेकवली, पितळ किती उरलंय ते घासण्याच्या थरथरीवरून समजावं म्हणून. "लांब नको. आखूड. श्वास सोडताना घास, घेताना थांब." चेल्याने तसं केलं. चिमूटभर राखाडी भुकटी कणकेवर पडली. दहा वेळा घासलं की फ्लोट काढायचा, सूनबाईने दोऱ्यावर उचलायचा, सगळ्यांनी बघायचं, पुन्हा कणकेत. जड डबा दर वेळी थोडा कमी खाली जायचा. चौथ्या वेळी तो फक्त झुकला. सहाव्या वेळी एका केसाएवढा.

"अजून एकदा फिरवतो," चेला म्हणाला. "अगदी समतोल येईल."

"थांब."

"मास्तर, एकच—"

"थांब म्हटलं ना! आता कथलाचा आवाज बदललाय. खालचं पितळ जवळ आलं."

चेल्याला काही ऐकू आलं नव्हतं. ताईंना नाही, सूनबाईला नाही. पण कानस खाली ठेवली गेली. चेल्याने डागावर अंगठा फिरवला आणि मान हलवली. "नखभर उरलाय फक्त. अजून घासलं असतं तर गेलंच होतं."

सूनबाई नवीन पाणी कढवून घेऊन आली. फ्लोट बुडवला आणि लगेच एक बुडबुडा वर आला. ताईंनी तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी फ्लोट काढला, पट्टीच्या सांध्यात हवा धरून बसलेला कणकेचा कण नखाने काढून टाकला, पुन्हा बुडवला. यावेळी पाणी आरशासारखं राहिलं. सूनबाईने मनात शंभर आकडे मोजले, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की ती आकडे मोजत नव्हती, नावच घेत होती.

पुढचं चेल्याने भराभर केलं. माप कागदाप्रमाणे, झाकण, स्क्रू, नळ्या. झाकण लावायच्या आधी मास्तरांनी सूनबाईकडून एक चिठ्ठी लिहून घेतली, सीटखाली पत्र्याला चिकटवायला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. "फ्लोटला डाग दिलेला आहे. जीभ वाकवू नये. आधीची चूक या दुकानाची होती, ती काढली आहे." खाली त्यांनी स्वतः सही केली. सही थरथरत वाकडी गेली, पण पूर्ण केली.

तीन वाजून दहा मिनिटांनी इंजिन चालू झालं. चावीच्या पहिल्याच फिरकीला. सूनबाईने आपलं पांढरं पूजेचं फडकं आणलं होतं, ते चेल्याने कार्बोरेटरखाली धरलं. दहा मिनिटं इंजिन जागच्या जागी चालू होतं. धूर नाही, वास नाही. फडकं काढून पाहिलं तर जसं आलं तसं. त्याच्याकडे बघायचं सोडून सूनबाई इंजिनकडे बघत राहिली. आत, न दिसणाऱ्या वाटीएवढ्या भांड्यात, आवळ्याएवढे दोन डबे आत्ता वर येत होते, खाली जात होते, आणि दर वेळी नेमक्या क्षणी थांब म्हणत होते. कुणाला दिसत नव्हतं. कुणी बघायची गरज नव्हती. किती जागी, किती छातींत, किती झाडांत असं काही सतत नेमकं थांबत आणि चालत असेल, असा विचार तिच्या मनात आला. ती बाकावर टेकली.

मास्तरांना इतकं उभं राहिल्याने धाप लागली होती, ते घरीच थांबले. ताईंनी सूनबाईला हात धरून गाडीत बसवलं. "तुम्ही चला.  कुणीतरी पाहिजे शेजारी."

तपासणीच्या मैदानात साहेब अबोल. सोमवारचा कागद त्याने पुढे ठेवला होता. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, मग सीट उचलायला लावली, आणि चिठ्ठी वाचली. एकदा वाचून पुन्हा वाचली. "ही कुणी लिहिली?"

"सासरे म्हणाले, मी लिहिली," सूनबाई म्हणाली.

साहेबाने इंजिन चालू ठेवायला लावलं आणि पाऊण तास दुसऱ्या गाड्या बघत बसला. ताई स्टिअरिंग धरून ताठ बसल्या होत्या. पाऊण तासाने त्याने येऊन खाली हात फिरवला, हात उलटा करून पाहिला, कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, "गेली तीस वर्षं गाड्या बघतोय. चूक माझी म्हणून लिहिलेली चिठ्ठी पहिल्यांदा बघितली." आणि पुढच्या गाडीकडे गेला.

परतताना ताई सरळ घरी गेल्या नाहीत. एका अरुंद गल्लीत वळल्या आणि एका दारासमोर थांबल्या. सगळ्यात लहान मुलीचं घर. हिला चालता तर येत नव्हतंच, दिसतही फार थोडं होतं. उद्या शाळा आहे, एवढंच सांगायचं होतं. ताईंनी हॉर्न दिला नाही, कारण मुलगी नेहमी गाडीच्या आवाजावरूनच ओळखायची आणि आतून "आली!" म्हणून ओरडायची. त्या इंजिन चालू ठेवून वाट बघत बसल्या. आतून काही आवाज नाही.

दार उघडून आई बाहेर आली. "अगंबाई, तुम्ही! अहो, ती आत म्हणतीय, दुसरीच कुणाची गाडी आलीय."

मागून मुलीचा ठाम आवाज आला, "आपली गाडी वळताना खोकते! ही खोकली नाही. ही आपली नाही!"

ताईंना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी स्टिअरिंगवरचा हात सोडलाच नव्हता. "खोकला बरा झाला गं तिचा! अकरा वर्षांचा होता! ये, हात लावून बघ."

आईने मुलीला कडेवर घेऊन आणलं. तिने आधी दार चाचपलं, मग घसरत्या फळीची कड, मग खिळा निसटलेला तो कोपरा, जो फक्त याच गाडीला होता. तिथे तिचा हात थांबला. ती जरा वेळ ऐकत राहिली. इंजिन सावकाश, एकसारखं चालू होतं.

"आपलीच आहे," ती म्हणाली. "पण आता हिला कोण ओळखणार? उद्या हॉर्न द्या हं."